भिंगाचे ओझे आणि पट्ट्याचा आधार



या व्याख्यानमालेची पत्रिका छापून आली त्या दिवशी एका स्नेह्याने मला रस्त्यात गाठले आणि विचारले, "काय हो, काल वेदान्त, उद्या अर्थकारण, आणि त्या दोहोंच्या मध्ये हा कॅमेऱ्याचा पट्टा कुठून आला?" प्रश्न रास्त होता. ज्या व्यासपीठावरून थोर थोर विषय मांडले जातात, तेथे उभे राहून कॅमेऱ्याचे जड भिंग अंगावरून कसे वाहून न्यावे एवढ्याशा गोष्टीवर बोलायचे, हे थोडे धाडसच आहे. मी त्यांना एवढेच म्हटले, "व्याख्यानाला या. विषय पट्ट्याचा असला तरी प्रश्न डोक्याचा आहे, आणि तोही दुसऱ्याच्या डोक्याचा." ते आज समोरच बसले आहेत, म्हणून हे कोडे आधी उलगडतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात यायच्या होत्या. पेठेतल्या एका घराच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत मी छायाचित्रे घेण्यासाठी सकाळपासून उभा होतो. कॅमेऱ्याला लांब पल्ल्याचे भिंग लावलेले होते. दोहोंचे मिळून वजन तीन किलोंच्या आसपास. हे सारे एका तिरक्या पट्ट्याला अडकवून मी जानव्यासारखे अंगावर घेतले होते, आणि तो पट्टा भिंगाच्या पायाला एका स्क्रूने जोडलेला होता. खाली दिंड्या चालल्या होत्या, टाळमृदंगाचा गजर चालला होता. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक माउली पुढे येताना दिसली. तिचे छायाचित्र घेऊन मी कॅमेरा खाली सोडला, आणि ती पुढे कोठवर गेली ते पाहण्यासाठी कठड्यावरून वाकलो. तोच अंगावरचे ओझे एकदम हलके झाले. ओझे हलके झाले की माणसाला बरे वाटते. पण त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. कॅमेरा आणि भिंग दोन्ही खाली गेले होते. पट्टा माझ्या अंगावर होता तसाच होता, आणि त्याच्या टोकाला तो स्क्रू शहाण्यासारखा लोंबत होता.

ते धूड पडले ते वारकऱ्यांना वाटण्यासाठी केळी भरून ठेवलेल्या एका हातगाडीवर. ती वृंदावनवाली बाई तेथून दोन हातांवर होती. तिने मागे वळूनही पाहिले नाही. नामस्मरणात तिला काही कळलेच नसावे. मी धावत खाली गेलो. गाडीवाल्याने केळ्यांच्या चिखलातून माझा कॅमेरा काढून माझ्या हाती दिला आणि म्हणाला, "साहेब, केळी व्हती म्हणून भागलं. डोकं असतं तर?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. घरी येऊन मी हिशेब मांडला. चार मीटरांवरून पडलेली वस्तू जमिनीशी येते तेव्हा तिचा वेग ताशी बत्तीस किलोमीटर झालेला असतो. त्या वेगाने येणारी तीन किलोंची काच आणि धातू माणसाच्या डोक्यावर आली तर काय होईल, हे सांगायला वैद्य नको. दोष कोणाचा? पट्टा करणाऱ्याचा नव्हे, भिंग करणाऱ्याचा नव्हे. दोष सर्वस्वी माझा होता. म्हणून आज मी येथे तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर ठेच लागलेला माणूस म्हणून उभा आहे. पुढच्याला ठेच लागली की मागचा शहाणा होतो म्हणतात. माझी ठेच आपल्या उपयोगी पडावी, एवढाच हेतू.

आता तुम्ही म्हणाल, असली भिंगे वापरणारे गावात असतात तरी किती? एक काळ असा होता की गावात कॅमेरे बोटांवर मोजण्याइतके असत. आज थंडीच्या दिवसांत भिगवणला उजनीच्या जलाशयावर जाऊन पाहा. पाण्यात रोहित पक्ष्यांची रांग आणि होड्यांत भिंगांची रांग. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्यांच्या लेखनाने मराठी माणसाची पावले जंगलाकडे वळली, आणि त्या पावलांमागोमाग कॅमेरेही गेले. ताडोबाच्या जिप्सीत, क्रिकेटच्या सीमारेषेवर, लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या मिरवणुकीत, सर्वत्र ही तोफ दिसते. कित्येक तरुणांचा तो चरितार्थ आहे. हप्त्याने भिंग घेतलेला मुलगा मांडवात धावपळ करतो, तेव्हा त्याच्या खांद्यावर केवळ दोन किलो नसतात. पुढच्या दोन वर्षांचे हप्ते असतात.

हे वजन आले कोठून, तेही थोडे पाहिले पाहिजे. पूर्वीचे कॅमेरे याहूनही जड होते. 1863 ते 1866 या काळात सॅम्युअल बोर्न नावाचा छायाचित्रकार हिमालयात तीनदा गेला, तेव्हा त्याच्या पेट्या, काचा आणि औषधे वाहायला हमालांचा तांडाच बरोबर असे. तेथे ओझे फार होते. परंतु ते ओझे आहे हे सर्वांना ठाऊक होते, आणि ते ओझ्यासारखेच बांधले जात असे. पुढे 1925 साली लायका कॅमेरा बाजारात आला. भिंगासकट त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास. असला कॅमेरा चामड्याच्या म्यानात घालून गळ्यात अडकवावा आणि दिवसभर भटकावे. गळ्यातल्या पट्ट्याची चाल रूढ झाली ती अशा हलक्या कॅमेऱ्यांबरोबर. मग भिंगे वाढत गेली. 1959 साली निकॉनचा 'एफ' कॅमेरा आला. त्याला पाहिजे ते भिंग काढता-घालता येई, अगदी हातभर लांबीचेसुद्धा. भिंग वाढले, वजन वाढले, पण पट्टा बांधण्याच्या दोन कड्या राहिल्या त्या कॅमेऱ्याच्या खांद्यांवरच. अर्ध्या किलोसाठी योग्य असलेली सवय तीन किलोंच्या ओझ्याला आपण तशीच लावली. आपल्या साऱ्या अडचणींचे मूळ येथे आहे.

'नाकापेक्षा मोती जड' अशी आपल्याकडे म्हण आहे. या म्हणीला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. कॅमेरा आठशे ग्रॅम ते एक किलो, आणि त्याच्या नाकावर बसवलेले भिंग दोन किलो, तीन किलो! वजनाचे आकडे पाहा. पक्षी टिपणाऱ्यांत प्रिय असलेले निकॉनचे 200 ते 500 मिलिमीटरचे भिंग 2.3 किलोंचे. कॅननचे 600 मिलिमीटरचे मोठे भिंग 1999 साली आले तेव्हा ते 5.36 किलोंचे होते; 2018 साली त्याच जातीचे नवे भिंग आले ते 3.05 किलोंचे. कारागिरांनी दोन किलोंहून अधिक भार उतरवला, याबद्दल त्यांना धन्यवादच दिले पाहिजेत. पण उरलेले तीन किलो आपल्यालाच वाहायचे आहेत.

हे ओझे कॅमेऱ्याला धरून का उचलू नये? घरी गेल्यावर एक प्रयोग करून पाहा. एक नारळ पिशवीत घालून हातात धरा. काहीच वाटणार नाही. मग तोच नारळ हातभर काठीच्या टोकाला बांधा आणि काठीचे दुसरे टोक धरून ती आडवी उचला. मनगट लगेच तक्रार करील. नारळ तोच, वजन तेच. वाढली ती तरफ. कॅमेऱ्याचे तसेच आहे. भिंग कॅमेऱ्याच्या तोंडाशी एका धातूच्या कड्यावर फिरवून बसवतात. त्याला माउंट म्हणतात. निकॉनच्या 'एफ' माउंटाचा व्यास 44 मिलिमीटर. समजा, 2.3 किलोंच्या भिंगाच्या वजनाचा मध्य या कड्यापासून 13 सेंटिमीटर पुढे आहे, आणि तुम्ही नुसता कॅमेरा धरून ते आडवे उचलले. गुणाकार तीसच्या जवळ येतो, त्याला 4.4 ने भागा. उत्तर जवळजवळ सात. म्हणजे भिंग सव्वादोन किलोंचे, पण कड्याच्या वरच्या काठाला ओढ बसते सात किलोंची, आणि ती सोसायची कोणी? कड्याला धरणाऱ्या चार-पाच बारीक स्क्रूंनी. एका दिवसात ते तुटत नाहीत. रोज थोडे थोडे सोसतात आणि एक दिवस कडे केसभर कलते. मग छायाचित्राची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धूसर येऊ लागते, आणि आपण भिंगाला दोष देतो.

कोणी म्हणेल, गळ्यात अडकवल्यावर भिंग आडवे कोठे राहते? ते तर खाली मान घालून लोंबते. खरे आहे, लोंबताना तरफ कमी होते. पण चालताना ते लंबकासारखे झुलते, मांडीवर आदळते, कठड्यावर आपटते. आणि डोळ्याला लावताना नुसत्या कॅमेऱ्याला धरून वर खेचले की पुन्हा तीच तरफ. म्हणूनच कॅमेरे करणारे आपल्या पुस्तिकांतून बजावतात की भिंग जड असेल तेव्हा आधार भिंगाला द्या. पण पुस्तिका आपण वाचतो कधी? कॅमेरा बिघडल्यावर!

याला उपाय काय? उपाय आपल्याच घरात शतकानुशतके आहे. आपल्या आज्या-पणज्या कानांत मोत्यांच्या जड कुड्या घालीत, आणि कुडीला मोत्यांचा वेल लावून तो वर केसांत अडकवीत. तो वेल केवळ शोभेचा नव्हता. कुडीचा भार पाळीवर न येता केसांवर जावा, ही त्यातली युक्ती. दिंडीतल्या पखवाजाकडे पाहा. त्याचा पट्टा खोडाच्या दोन्ही तोंडांच्या बाजूंना बांधलेला असतो, म्हणून ते जड खोड पोटाशी समतोल राहते. एका टोकाला दोरी बांधून पखवाज गळ्यात घालणारा कोणी मी पाहिलेला नाही. पुण्याच्या ढोलपथकातली मुलेमुली ढोल कमरेला आवळून बांधतात आणि तासन् तास वाजवतात. या सर्वांना एक गोष्ट कळलेली आहे: भार जेथे आहे तेथे त्याला धरावे, आणि तो अंगाच्या दणकट भागावर टाकावा.

जड भिंगांना मधोमध एक गोल पट्टी असते, तिला कॉलर म्हणतात, आणि तिला खाली एक पाय असतो. तिपाईवर कॅमेरा बसवायचा तो या पायावर. कॅमेरा लावल्यावर दोहोंचा मिळून जो गुरुत्वमध्य होतो, त्याच्या आसपास हा पाय येईल अशी योजना केलेली असते. म्हणून माझा पहिला नियम असा: ज्या भिंगाला पाय आहे, त्याचा पट्टा कॅमेऱ्याला बांधू नये, तो भिंगाच्या पायाला किंवा भिंगावर कड्या असतील तर त्या कड्यांना बांधावा. भिंगाला पाय देऊन कारागिराने आपल्याला सांगितलेच आहे की, बाबा रे, याला येथे धर. उचलतानाही डावा हात भिंगाखाली जावा, मगच उजवा कॅमेऱ्याला लागावा. लहान मूल उचलताना आपण आधी मानेखाली हात घालतो, तसेच हे.

आता तुम्ही मला पकडणार. "अहो, गॅलरीत तुम्ही पट्टा पायालाच बांधला होता ना? मग पडले कसे?" पडले, कारण मी पहिला नियम पाळला आणि दुसरा पाळला नाही. दुसरा नियम असा की, एका गाठीवर कधीही विसंबू नये.

तो स्क्रू, ज्याला जुनी माणसे मळसूत्र म्हणत, पाव इंच जाडीचा असतो. जगभर हेच माप चालते: इंचाला वीस आटे. म्हणजे एका आट्याची उंची सव्वा मिलिमीटरच्या किंचित वर. भिंगाच्या पायात हा स्क्रू जेमतेम साडेचार-पाच मिलिमीटर आत जातो. हिशेब करा, सारे मिळून साडेतीन-चार आटे. माझे तीन किलो, आणि खालून जाणाऱ्या शेकडो माणसांची डोकी, त्या चार आट्यांवर लटकली होती! चार वेळा उलटा फिरला की स्क्रू बाहेर. सकाळपासून मी कॅमेरा शेकडो वेळा वर नेला, खाली सोडला; प्रत्येक वेळी कडीला थोडी फिरकी बसली. मध्ये रबराची चकती असती तर तिने स्क्रू आवळून धरला असता. ती कधीच हरवली होती. दर तासाला बोटाने चाचपून पाहिले असते तरी कळले असते. मी सकाळी एकदा आवळून निश्चिंत झालो होतो.

म्हणून ही साखळी एकदा नीट मोजू. भिंगाला कॉलर, कॉलरला पाय, पायात स्क्रू, स्क्रूला कडी, कडीत चाप, चापाला पट्टा, पट्ट्याला बक्कल, बक्कलाजवळ शिलाई. आठ ठिकाणे, आणि आठांपैकी कोठेही एक सुटले की सगळे सुटले. काही भिंगांची कॉलर बिजागरीची असते. तिची कळ सैल झाली की ती उघडते आणि भिंग निसटते, म्हणून निघण्यापूर्वी ती कळ आवळून पाहावी. स्क्रूखाली रबराची चकती असावी. स्क्रू कायमचा ठेवायचा असेल तर आट्यांवर निळ्या जातीच्या द्रावाचा एक थेंब लावावा, त्याने तो आपोआप फिरत नाही आणि हवा तेव्हा काढता येतो. लाल जातीचा लावू नये, तो सहजी सुटत नाही. कडीचा चाप फिरकीच्या कुलपाचा असावा. नायलॉनचा पट्टा बक्कलातून उलटा ओवून घ्यावा आणि बाहेर निदान दोन इंच शेपूट ठेवावे. गुळगुळीत नायलॉन हळूहळू सरकते आणि तोकडे शेपूट केव्हा आत गेले ते कळत नाही. शिलाईचा दोरा उसवला, पट्टा काठाला झिजला, चामड्याला भेगा पडल्या, तर मोह न धरता पट्टा टाकून द्यावा. आपल्याकडचे ऊन, घाम आणि कोकणातला पावसाळा पट्ट्यांना फार दिवस जगू देत नाहीत. लाखाचे भिंग आणि पाचशेंचा पट्टा. काटकसर कोठे करावी हे ज्याने त्याने ठरवावे.

एवढे सारे करूनही दुसरी गाठ हवीच. सह्याद्रीच्या कड्यांवर चढणारी आपली मुले दोर एका खिळ्याला लावून स्वस्थ बसत नाहीत. खडकातला एक आधार निसटला तर दुसरा असावा, ही त्यांची पहिली शिकवण. तेच येथे करावे. मुख्य पट्टा भिंगाच्या पायाला. आणि एक आखूड, बळकट दोरी कॅमेऱ्याच्या खांद्यावरच्या कडीपासून थेट पट्ट्यापर्यंत. स्क्रू निघालाच तर कॅमेरा आणि भिंग या दोरीवर लटकेल. त्या प्रसंगी माउंटावर भार येईल हे खरे, पण प्रसंगापुरते ते चालेल. रोजचे ओझे म्हणून चालणार नाही.

ही दोरी आखूड का, तेही सांगतो. तीन किलोंचे ओझे पाच सेंटिमीटर पडले आणि दोरीने ते एका सेंटिमीटरात थांबवले, तर थांबताना दोरीवर सरासरी अठरा किलोंचा ओढा येतो. तेच ओझे तीस सेंटिमीटर पडले तर ओढा त्र्याण्णव किलोंचा! दोरी तीच, ओझे तेच. ढील वाढली की झटका वाढतो. म्हणून दुसऱ्या गाठीत ढील ठेवावी ती हालचालीपुरतीच. हाच न्याय लवचीक पट्ट्यांना. रबरासारखे ताणणारे पट्टे मानेला मऊ लागतात, ओझे हलके झाल्याचा भास होतो. पण चालताना भिंग त्यांच्यावर उड्या मारते. थोडी लवचीकता चांगली, झोपाळा नको.

येथवर भिंगाची चिंता केली. आता भिंग वाहणाऱ्याची करू. माणसाच्या डोक्याचेच वजन साडेचार-पाच किलो असते आणि मान ते जन्मभर पेलते. त्याच मानेवर पुढून आणखी तीन किलो लटकावले की मानेच्या मागच्या स्नायूंना दिवसभर ते मागे ओढून धरावे लागतात. संध्याकाळी डोके दुखते, आणि आपण म्हणतो उन्हाने दुखले. म्हणून जड भिंग मानेवर नको. पट्टा जानव्यासारखा एका खांद्यावरून दुसऱ्या कुशीकडे घ्यावा. भिंग कमरेच्या बाजूला, किंचित मागे राहावे. पट्टा इतका आखूड असावा की ते गुडघ्यावर आपटणार नाही. दर अर्ध्या तासाने खांदा बदलावा. दिवसभर चालायचे असेल तर दोन्ही खांद्यांवरून येणारा पट्टा घ्यावा, किंवा कमरपट्ट्यावर भार टाकावा; ढोलवाल्यांचा धडा हाच. आणि पट्टा रुंद असावा. घागर उचलणारी बाई आधी डोक्यावर चुंबळ ठेवते. तिने पदार्थविज्ञान शिकलेले नसते, पण भार पसरला की टोचत नाही हे तिला ठाऊक असते. दोन बोटांच्या पट्ट्याऐवजी चार बोटांचा घेतला की खांद्यावरचा दाब निम्मा होतो.

प्रसंगाप्रसंगाने थोडे तारतम्यही लागते. वाकताना, जिना उतरताना, गर्दीत शिरताना एक हात भिंगावर असलाच पाहिजे. पट्टा हा हाताचा मदतनीस आहे, हाताची बदली नव्हे. गॅलरीत, पुलावर, किल्ल्याच्या बुरुजावर उभे राहिलात तर आधी खाली कोण आहे ते पाहावे, आणि मगच कॅमेरा काढावा. जंगलातल्या जीपमध्ये भिंग मांडीवर आडवे घ्यावे, गाडी चालू असताना तांदळाने भरलेल्या पिशवीवर टेकवावे. होडीत बसताना पट्टा झटकन् अंगावेगळा करता येईल असा असावा; होडी उलटली तर भिंगापेक्षा माणूस वर आला पाहिजे. रेटारेटीच्या मिरवणुकीत गळ्यातला पट्टा कोणाच्या हातात अडकला तर फासही बसू शकतो, म्हणून तेथेही तोच नियम. दुचाकीवर आणि लोकलच्या गर्दीत भिंग अंगावर लोंबू देऊ नये. कॅमेऱ्यापासून वेगळे करून पिशवीत ठेवावे. भिंग कॅमेऱ्याला लावताना 'खट्' असा आवाज ऐकल्याशिवाय हात सोडू नये, आणि ते सुटे करण्याची कळ चालताना अंगाशी घासत नाही ना, तेही पाहावे.

आणि भिंग दुसऱ्याच्या हाती देताना काय करावे? विहिरीवर एकीच्या हातातून दुसरीच्या हाती भरली कळशी जाते, ते पाहिलेले तुमच्यापैकी कित्येक जण येथे असतील. घेणारी "धरली" म्हणेपर्यंत देणारी सोडत नाही. कितीतरी भिंगे पट्ट्यातून नव्हे, तर "मला वाटले त्याने धरले" आणि "मला वाटले त्याने सोडले नाही" या दोन वाक्यांच्या मधून पडतात. म्हणून तोंडाने विचारावे, "धरलंस?" आणि उत्तर आल्यावरच हात काढावा.

कोणी म्हणेल, इतके सोपस्कार सांभाळत बसलो तर पक्षी उडून जाईल. जाऊ द्या. पक्षी उद्या पुन्हा येतो. आणि खरे तर सोपस्कार फार नाहीत. घराबाहेर पडण्यापूर्वी कॉलर, स्क्रू, चाप, बक्कल यांवरून एकदा बोट फिरवायला अर्धा मिनिट पुरे. पूजेला बसण्यापूर्वी आपण पळी-पंचपात्र मांडून घेतो, त्याला कोणी वेळेचा अपव्यय म्हणत नाही. शिवाय वय झालेल्यांनी आणि पाठदुखीच्या मंडळींनी आणखी एक विचार करावा. आज 500 मिलिमीटरचे, दीड किलोच्या आतले भिंगही मिळते. त्यात प्रकाश थोडा कमी येतो, पण खांद्याला जास्त झेपते. झेपेल तेच ओझे घ्यावे, यात कमीपणा नाही.

माझे सांगणे एवढेच. ओझ्याला त्याच्या मध्यावर धरा, आणि एका गाठीवर विसंबू नका. पहिल्याने तुमचे भिंग वाचेल. दुसऱ्याने कदाचित कोणाचा जीव वाचेल.

जाता जाता त्या माउलीची आठवण पुन्हा येते. त्या दिवशी मी तिचे घेतलेले छायाचित्र वाचले. कॅमेरा मोडला, पण आतली चकती शाबूत राहिली. ते आज माझ्या घरात भिंतीवर आहे. डोक्यावर वृंदावन, खाली चुंबळ, एक हात वर आधाराला. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरांच्या आसपासची वाट. ऊन, पाऊस, चिखल, गर्दी, आणि तिचे वृंदावन डोक्यावरून हलत नाही. ओझे तिच्या मध्यावर आहे, आणि हात आहेच. मी वर उभा राहून, उत्तमातले उत्तम भिंग हाती घेऊन, तिचे चित्र टिपत होतो. आणि ते चित्र मला जे शिकवत होते तेवढेच तेव्हा मला दिसत नव्हते. पुढच्या आषाढात मी पुन्हा त्याच गॅलरीत उभा राहिलो. पट्ट्याला दोन गाठी होत्या. केळीवाला खाली होताच. त्याने वर पाहिले, हसला, आणि आपली गाडी चार हात पलीकडे सरकवून ठेवली. त्याचे काही चुकले, असे मला वाटत नाही.